डोस बदलला की पहिले पंधरा दिवस: डिप्रेशनच्या गोळ्या नव्याने घेणाऱ्यांसाठी

शुगरची किंवा बीपीची चिठ्ठी माणूस काउंटरवर उघडी ठेवतो. मनोविकारतज्ज्ञांची चिठ्ठी मात्र चार घड्या घालून, मुठीत धरून आणतो. दुकानात दुसरं गिऱ्हाईक असेल तर आधी उगाच एक बामची डबी घेतो, ते गिऱ्हाईक जाईपर्यंत रेंगाळतो आणि मग चिठ्ठी हळूच पुढे सरकवतो. अशा घाईत "सकाळी एक, जेवणानंतर" एवढंच सांगून होतं. त्रास काय होईल, किती दिवस होईल, हे विचारायचं राहून जातं. आठवड्याने तोच माणूस अर्धं पान हातात घेऊन येतो: "ही गोळी सोसत नाही, परत घेता का?"

तालुक्याच्या गावात माझं औषधांचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही, आणि कुणाचा डोस ठरवणं हे माझं काम नाही. पण काही वर्षांपूर्वी मी स्वतः एसिटालोप्राम ही डिप्रेशनची गोळी घेत होतो. 5 मिलिग्रॅमपासून 15 पर्यंत चढवली, नंतर उतरवलीही. या दोन्ही अनुभवांतून एक गोष्ट मला पक्की कळली. डोस बदलल्यावर होणाऱ्या त्रासाला बहुतेक वेळा एक वेळापत्रक असतं. ते माहीत नसलं की माणूस चौथ्या दिवशी घाबरून गोळी टाकतो. किंवा वर्षभराने बरं वाटलं की ती एका दिवसात बंद करतो आणि पुन्हा घाबरतो.

केबिनमधून उठण्याआधी

डोस वाढवला, कमी केला किंवा गोळीच बदलली, तर डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. या डोसवर किती दिवस राहायचं? गोळी कोणत्या वेळी घ्यायची? कोणता त्रास झाला तर वाट बघायची आणि कोणता झाला तर लगेच फोन करायचा? फोन कुठल्या नंबरवर करायचा? चौथा प्रश्न वरकरणी फालतू वाटतो, पण रविवारी रात्री तोच महत्त्वाचा ठरतो.

तुमच्याकडूनही काही सांगायचं असतं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून घेऊन जा. त्यात रक्त पातळ करायची, लघवी जास्त करणारी बीपीची, गुडघेदुखीची आणि रोज सकाळी उपाशीपोटी घेतली जाणारी गॅसची गोळीसुद्धा आली. आपल्याकडे गॅसची गोळी औषध म्हणून कुणी मोजतच नाही. दारू घेत असाल तर ते सांगा, किती घेता तेही सांगा. पूर्वी कधी झोप न घेताही आठ-दहा दिवस प्रचंड उत्साहात गेले असतील, भरमसाट खर्च झाला असेल किंवा घरात कुणाला तसा आजार असेल, तर ते आवर्जून सांगा. अशा माणसाला नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर मन खालून एकदम वर उसळू शकतं. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर तेही सांगा. पण दिवस गेल्याचं कळताच घाबरून गोळी स्वतःहून बंद करू नका. आधी डॉक्टरांना फोन करा.

घरी आलात की भिंतीवरच्या कालनिर्णयावर आजच्या तारखेत डोस लिहा: "10 वरून 15". पुढचा सगळा हिशेब या तारखेपासून होणार आहे.

पानावरचं बारीक नाव वाचा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या काउंटरवर सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो.

पानावर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीने दिलेलं नाव. आतलं औषध बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आपल्याकडे एसिटालोप्राम 10 मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम 0.5 मिलिग्रॅम अशी जोडगोळी खूप चालते. ब्रँडच्या नावापुढे 'प्लस' किंवा तसलंच एखादं शेपूट असतं. क्लोनाझेपाम हे शांत करणारं, झोप आणणारं औषध आहे. सुरुवातीची धडधड सोसावी म्हणून ते सोबत दिलेलं असतं, आणि रोज घेत राहिलं तर त्याची सवय लागते.

आता समजा, डॉक्टर म्हणाले, "10 ची 20 करू." माणूस घरी येऊन तीच जोडगोळी एकाऐवजी दोन घेऊ लागतो. एसिटालोप्राम 20 झालं खरं, पण क्लोनाझेपामही दुप्पट झालं. मग दिवसभर पेंग, जीभ जड, चालताना तोल जाणं सुरू होतं. घरातली आजी असेल तर रात्री बाथरूमला जाताना पडते. आणि दोष कुणावर? "डिप्रेशनच्या गोळीने आई गुंगीत असते."

उलटंही होतं. जोडगोळी अचानक बंद केली की दोन औषधं एकदम बंद होतात. काही आठवडे रोज घेतलेलं क्लोनाझेपाम झटक्यात थांबवलं तर झोप उडते, हात कापतात, क्वचित फीटही येते. म्हणून डोस बदलताना डॉक्टरांना सरळ विचारा: "यात क्लोनाझेपाम आहे का? त्याचं काय करायचं?"

पहिला पंधरवडा

पहिला त्रास पोटाचा होतो. माणसं चक्रावतात की गोळी डोक्यासाठी आणि मळमळ पोटात कशी? सेरोटोनिन हे शरीरात निरोप पोहोचवणारं एक रसायन. त्यातलं साधारण 90 टक्के आतड्यांत असतं, डोक्यात नव्हे. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन, पॅरोक्सेटिन या गोळ्या सेरोटोनिनवरच काम करतात, त्यामुळे बोंब आधी पोटातून उठते. मळमळ, एक-दोन वेळा पातळ शौच, भूक मंदावणं, डोकं जड होणं, हात किंचित कापणं, घाम, विचित्र आणि अगदी खरी वाटणारी स्वप्नं, हे सगळं पहिल्या आठवड्यात येऊ शकतं. बहुतेकांचं ते एक-दोन आठवड्यांत ओसरतं. डोस पुढे वाढवला की तेच पुन्हा येतं, पण सहसा आधीपेक्षा सौम्य.

एसिटालोप्राम शरीरातून निम्मं बाहेर पडायला साधारण 30 तास लागतात. रोज एक गोळी घेतली तर रक्तातलं प्रमाण एका पातळीवर स्थिरावायला आठवडा जातो. मनाला फरक जाणवायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात आणि गोळी लागू पडली की नाही हे नीट ठरवायला सहा ते आठ. म्हणजे त्रास आधी आणि गुण नंतर. इतका उलटा सौदा असल्यावर माणूस मधेच सोडणारच.

मला स्वतःला चौथ्या दिवशी सोडावंसं वाटलं होतं. हे सगळं पाठ असूनही. सकाळी शटर वर करताना छातीत इतकी धडधड झाली की दुकानातल्या स्टुलावर बसून राहिलो. वाटलं, आधी निदान उदास तरी शांतपणे होतो. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, पाचवरच आणखी एक आठवडा थांबा, वाढवायची घाई नाही. बाराव्या दिवशी लक्षात आलं की सकाळची धडधड दोन दिवसांत आलीच नव्हती. नेमकी कधी गेली ते कळलंच नाही.

आता एकेका त्रासाविषयी.

मळमळ. गोळी भरल्या पोटी घ्या. औषधाचा परिणाम त्याने कमी होत नाही, पोटाला मात्र आराम पडतो. दिवसातून दोनदा ताट भरून जेवण्यापेक्षा थोडंथोडं चार वेळा खा. मऊ भात, ताक, आल्याचा तुकडा हे जुने उपाय इथेही चालतात. उपासाच्या दिवशी काय? चतुर्थी-एकादशीला बायका गोळीच गाळतात, कारण "उपाशीपोटी घ्यायची नाही म्हणे". गोळी गाळू नका. दूध-केळं, शेंगदाण्याचा लाडू असं काही खाऊन घ्या. नवरात्रात नऊ दिवस निर्जळी करणार असाल तर आधी डॉक्टरांशी बोला, आणि डोस बदलायचा आठवडा त्यात येऊ देऊ नका.

मळमळीवर माझ्याकडून परस्पर डोमपेरिडॉन असलेली गॅसची गोळी मागू नका. एसिटालोप्राम आणि तिची भावंड गोळी सिटालोप्राम या हृदयाच्या विद्युत-लयीवर थोडा परिणाम करतात. डोमपेरिडॉनही करतं. दोन्ही एकत्र घ्यायचं असेल तर ते डॉक्टरांनी, गरज पडल्यास ईसीजी बघून ठरवायचं. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोलमुळे रक्तातलं एसिटालोप्रामचं प्रमाण वाढतं. म्हणून त्या पिशवीत गॅसची गोळीही हवी.

झोप. गोळीने झोप उडत असेल तर सकाळी घेणं बरं, पेंग येत असेल तर रात्री. वेळ बदलण्याआधी एक फोन करून विचारा. चार वाजल्यानंतरचा चहा बंद करा. हे मी सांगतोय खरं, पण मला स्वतःला ते जमलं नव्हतं. मिर्टाझापिन मुळातच झोप आणि भूक वाढवणारी गोळी आहे. ती रात्रीच घ्यायची असते, आणि पहिल्या दिवसांत सकाळी जडपणा राहतो. नवा डोस आपल्याला कितपत गुंगवतो हे कळेपर्यंत मोटरसायकल आणि ट्रॅक्टर दोन्ही दूर.

डोकेदुखीला पॅरासिटामॉल चालतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन मनाने घेऊ नका. डिप्रेशनच्या या गोळ्यांसोबत ती घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल असलेली अंगदुखीची गोळी आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध त्याहून वाईट, कारण तीही सेरोटोनिनच वाढवतात. खोकला झाला म्हणून कुठल्याही दुकानातून बाटली उचलताना "मी ही गोळी घेतो" एवढं सांगा. दुकानदाराने भुवया उंचावल्या तर दुकान बदला.

घशाला कोरड, बद्धकोष्ठता आणि उभं राहिल्यावर गरगरणं हा त्रास ॲमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्यांनी जास्त होतो. घोटघोट पाणी प्या, अंथरुणातून उठताना आधी मिनिटभर काठावर बसा. म्हाताऱ्या पुरुषांची लघवी अडकली तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका.

आणि ज्याविषयी कुणीच बोलत नाही ते. इच्छा कमी होणं, वेळ लागणं, शेवटपर्यंत न पोहोचणं, हे पुरुषांना होतं तसंच बायकांनाही होतं. या गोळ्यांनी ते अनेकांना होतं, आणि मळमळीसारखं ते पंधरा दिवसांत आपोआप जाईलच असं नाही. माझ्या अंदाजाने तिशी-चाळिशीतली निम्मी माणसं गोळी गुपचूप सोडतात ती याच कारणाने. डॉक्टरांना "पोटाला सोसत नाही" असं सांगतात, आणि डॉक्टर पोटाचा इलाज करत बसतात. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. बुप्रोपिऑन, मिर्टाझापिन यांनी हा त्रास कमी होतो. पण आधी सांगावं तर लागेल. तोंडाने बोलवत नसेल तर कागदावर लिहून टेबलावर ठेवा. डॉक्टरांना त्यात नवीन काही नाही.

रोज रात्री वहीत तीन आकडे लिहा: झोप किती तास झाली, मळमळ दहापैकी किती, घाबरेपण दहापैकी किती. याहून जास्त लिहू नका. दिवसभर स्वतःला तपासत बसलं की नसलेली लक्षणंही सापडतात. पंधरा दिवसांनी हे आकडे डॉक्टरांसमोर ठेवले की "बरं नाही वाटत" यापेक्षा त्यांच्या हाती बरंच जास्त येतं.

जिथे वाट बघायची नाही

मरणाचे विचार नव्याने येऊ लागले किंवा वाढले. आतून इतकी तगमग की एका जागी बसवत नाही, पाय थांबत नाहीत. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2004 साली लहान मुलांबाबत आणि 2007 मध्ये 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांबाबत ठळक इशारा दिला, तो याचसाठी. गोळी सुरू करताना आणि डोस बदलताना या वयातल्या मुलांकडे घरच्यांनी जास्त लक्ष ठेवायचं असतं. पहिल्या महिन्यात गोळ्यांचं पान घरातल्या दुसऱ्या माणसाकडे असलेलं बरं. ॲमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्या एकदम जास्त पोटात गेल्या तर जिवावर बेततं. डॉक्टर भेटत नसतील तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा 14416 हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. जिवाला धोका असेल तर 108 किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल.

डोस वाढवल्यावर किंवा दुसरं औषध जोडल्यावर काही तासांत, दिवसभरात अंग थरथरणं, ताप, घामाच्या धारा, स्नायू ताठरणं किंवा उडणं, जुलाब आणि भ्रम असं सगळं एकत्र आलं, तर ते सेरोटोनिन प्रमाणाबाहेर गेल्याचं लक्षण असू शकतं. पुढची गोळी घेऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा.

साठी ओलांडलेल्या, त्यात लघवीची बीपी-गोळी चालू असलेल्या बाईमाणसाला पहिल्या काही आठवड्यांत सुस्ती, गोंधळल्यासारखं बोलणं, तोल जाणं सुरू झालं तर "वय झालं" म्हणून सोडू नका. रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं. साध्या रक्ततपासणीत ते कळतं.

काळी शौच, चक्कर येऊन पडणं, अंगभर पुरळ, झोप न घेताही अंगात भलताच जोर: हे सगळं याच यादीत.

गोळी विसरली तर

त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर गेलेली सोडून द्या. एकदम दोन कधीच घेऊ नका.

उतरताना

बरं वाटू लागल्यानंतरही साधारण किमान सहा महिने गोळी चालू ठेवतात. ज्यांना आजार पुन्हा पुन्हा होतो त्यांची त्याहून बरीच जास्त काळ. पण गावाकडे हिशेब वेगळा चालतो: बरं वाटलं, पान संपलं, गोळी संपली. तिसऱ्या दिवशी चक्कर, मळमळ, रडू, चिडचिड, आणि मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखा झटका. माणूस म्हणतो, "बघा, व्यसन लागलं." व्यसन नव्हे. मेंदूने गोळी धरून घडी बसवलेली असते, ती एकदम मोडली की तो कुरकुरतो. व्हेनलाफॅक्सिन शरीरातून फार लवकर निघून जातं, त्यामुळे त्याचा आणि पॅरोक्सेटिनचा त्रास जास्त. फ्लुऑक्सेटिन आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, म्हणून त्याचा त्रास सहसा सौम्य असतो आणि उशिरा येतो.

कमी करताना समान पायऱ्या घ्यायच्या असं वाटतं: 20, 10, बंद. इथेच फसगत होते. 2019 साली 'लॅन्सेट सायकिॲट्री' या वैद्यकीय नियतकालिकात मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या दोन संशोधकांनी मेंदूच्या स्कॅनवरून हा हिशेब मांडला. सिटालोप्राम 40 मिलिग्रॅम घेतलं तर मेंदूतल्या ज्या जागांवर ते बसतं त्यातल्या साधारण 86 टक्के भरतात. 20 वर आणलं तरी 80 टक्के भरलेल्याच राहतात. अगदी 5 मिलिग्रॅमवरही जवळपास 60. म्हणजे 40 वरून 20 वर येताना मेंदूला फारसं कळत नाही, आणि 5 वरून शून्यावर येताना मात्र मोठी उडी पडते. वरच्या पायऱ्या इंच-इंचाच्या आणि शेवटची पायरी पुरुषभर उंच. म्हणून खाली येताना पायऱ्या लहान करत न्यायच्या आणि सगळ्यांत जास्त वेळ शेवटच्या पायरीला द्यायचा. ब्रिटनमध्ये उपचारांचं मार्गदर्शन ठरवणाऱ्या नाइस या संस्थेनेही 2022 च्या मार्गदर्शनात, प्रत्येक वेळी चालू डोसच्या प्रमाणात कमी करत जायला सांगितलं आहे.

मला 5 वरून सुटायला तीन महिने लागले. 15 वरून 5 वर यायला लागले होते त्याहून जास्त.

एक दिवसाआड घेऊन कमी करायचा आपला लाडका उपाय फ्लुऑक्सेटिन सोडून बाकीच्यांना बरा नाही. रक्तातलं प्रमाण रोज वरखाली होतं, आणि एक दिवसाआड सुटल्याचा त्रास होतो. रोज थोडी कमी घेतलेली बरी.

त्रास सुटल्याचा की आजार परतल्याचा, हे कसं ओळखायचं? सुटल्याचा त्रास डोस कमी केल्यापासून बहुधा काही दिवसांत येतो आणि त्यात शरीराची लक्षणं असतात: गरगर, करंट, घाम, भडक स्वप्नं. आधीचा डोस पुन्हा घेतला की बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. आजार परततो तो हळूहळू, आठवड्यांनी-महिन्यांनी, आणि ओळखीच्या पावलांनी. पहाटे चारला जाग येते, मग जेवण नकोसं होतं, मग फोन उचलावासा वाटत नाही. कालनिर्णयावर लिहिलेल्या तारखा इथे उपयोगी पडतात. काहींचा सुटल्याचा त्रास आठवडेच काय, महिनोन्‌महिने रेंगाळतो. तेव्हा जिद्दीने दात-ओठ खाऊन सोसायचं नसतं. एक पायरी वर जाऊन थांबायचं आणि मग आणखी सावकाश उतरायचं, डॉक्टरांना विचारून.

गोळी मोडताना

मधे रेघ असलेली साधी गोळी अर्धी करता येते. गोळी कापायची छोटी डबी दुकानात मिळते, सुरीने तुकडे उडतात. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर असेल तर ती हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. ती मोडली की दिवसभराचं औषध एकदम अंगात येतं. डेसव्हेनलाफॅक्सिन या जातीचं आहे. ड्युलोक्सेटिनची कॅप्सूल मनाने उघडू नका. फार लहान डोस हवा असेल तर काही औषधं पातळ स्वरूपात मिळतात. आमच्याकडे नसली तरी मागवून देतो, फक्त तशी चिठ्ठी आणा.

दिवाळीच्या आणि गणपतीच्या आधी पान किती उरलंय ते बघा. त्या दिवसांत दवाखाने बंद असतात, आमच्याकडेही माल उशिरा येतो. दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर बारीक नाव आणि मिलिग्रॅम जुळतात का ते तिथेच वाचा. आणि डोस बदलला की जुन्या पॉवरचं पान ड्रॉवरमध्ये ठेवू नका. 5 आणि 10 ची गोळी पहाटेच्या अंधारात सारखीच दिसते. न कापलेलं, मुदतीतलं पान आमच्याकडे आणा. परत घेता आलं तर घेतो, नाहीतर तुमच्यासमोर मोडून टाकतो.